जनावरं निजवायचं औषध

मारेगावहून पांढरकवड्याच्या रस्त्यानं जाताना झुडपं कुठे दाट आहेत, नाल्याच्या पुलाखाली कुठे उतरता येतं आणि कोणत्या धाब्याचं संडास दिवसभर उघडं असतं, हे मला त्या वर्षी पाठ झालं होतं. मी गुरांचा डॉक्टर. मारेगावात माझा स्वतःचा दवाखाना आहे, पण अर्धा दिवस गावोगाव फिरण्यातच जातो. त्या वर्षी मात्र गाडी थोडी पुढे गेली की थांबवावी लागायची. ओटीपोटात निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, घाईघाईनं उतरायचो आणि चार थेंब पडायचे. पुढे त्या थेंबांत रक्त दिसायला लागलं.

लोक म्हणायचे, साखर तपासा. तपासली, नव्हती. मग मुतखडा म्हणून झालं, मग इन्फेक्शन म्हणून झालं. वणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, यवतमाळच्या डॉक्टरांनी बदलून दिल्या. त्यांच्या परीनं ते बरोबरच होते. त्यांना माहीत असायला हवी होती ती एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

मी केटामाइन घेत होतो.

आमच्या धंद्यात हे भुलीचं औषध आहे. कुत्र्याची नसबंदी असो की मोडलेला पाय जोडायचा असो, ते लागतंच. त्यानं जनावर झोपतं असं आपण म्हणतो, पण ते खरं तर झोपत नाही. त्याचे डोळे उघडेच राहतात. ते कोरडे पडू नयेत म्हणून आम्ही त्यांत मलम घालतो. जनावर समोर बघत पडलेलं असतं आणि त्याचं दुखणं त्याच्यापर्यंत पोचत नाही. मी हे हजारदा पाहिलं होतं. माणसाचंही तसंच होतं, हे मला माझ्यावरून कळलं.

बैलाची लाथ

सुरुवात बैलापासून झाली. एका गावात बैलाच्या पायाची जखम बघत होतो. तो बिथरला आणि त्याची लाथ माझ्या कमरेत बसली. हाड मोडलं नाही, पण दुखणं असं बसलं की वाकता येईना. आणि माझं अर्धं काम वाकूनच करायचं. हंगाम ऐन भरात होता. पेनकिलर खाऊन पोट बिघडलं. एका दुपारी दवाखान्यात एकटाच असताना माझं लक्ष कपाटातल्या त्या बाटल्यांकडे गेलं. आपल्याला औषधशास्त्र कळतं, आपण चुकणार नाही, असा मला भरवसा होता.

किती घेतलं आणि कसं घेतलं, ते इथे लिहिणार नाही. ज्याला माहीत आहे त्याला ते सांगायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला तर मुळीच नाही.

दुखणं गेलं. म्हणजे ते खोलीच्या त्या कोपऱ्यात राहिलं आणि मी या कोपऱ्यात. त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं तिकडे जाऊन बसलं. उद्याची कामं, मुलीची फी, माझ्या हातून दगावलेली एक म्हैस, सगळंच. डोक्यात अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. कमर पुढे काही महिन्यांत बरी झाली. ती शांतता मात्र मला हवीच राहिली.

चार वर्षं होत आली तरी कुणाला कळलं नाही. तोंडाला वास येत नाही, चाल बिघडते ती थोडा वेळच. एकदा गावातला एक ओळखीचा माणूस म्हणाला, "डॉक्टर, तुमी आजकाल लय शांत झाले." मला ते कौतुक वाटलं.

एकच सुई दोनदा

पहिला धक्का एका गायीमुळे बसला. व्यायल्यावर ती बसली होती, उठत नव्हती. कॅल्शियम कमी झालं की असं होतं. शिरेतून औषध द्यायचं आणि देताना हृदयाचे ठोके ऐकत राहायचं. जास्त गेलं तर हृदय बंद पडून जनावर जागच्या जागी मरतं.

मी औषध दिलं, हात धुतले. मग पेटी उघडली, दुसरी बाटली काढली आणि शीर शोधायला लागलो.

गायीचा मालक जवळच उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टर, हे काय करून राह्यले? आताच तं लावली ना."

"काय लावली?"

"हेच. थे पाहा, बाटली तिथं पडून हाय."

रिकामी बाटली माझ्या पायाशी पडलेली होती. ती मी दिली होती, हे मला आठवत नव्हतं. धूसर आठवण असती तरी चाललं असतं, पण तिथे कोरी जागा होती. मी हसून म्हणालो, "बघत होतो तुमचं लक्ष आहे का." तोही हसला. थोड्या वेळानं गाय उठली. परत येताना मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिलो.

त्या आधीपासूनच शब्द सटकत होते. चिठ्ठी लिहायला बसलो की रोजच्या औषधाचं नाव आठवायचं नाही. एकदा शेजारच्या दुकानदाराला कात्री मागायची होती आणि तो शब्दच सापडेना. बोटांनी कापल्यासारखं करून दाखवलं. मी थकव्यावर ढकलायचो. वयावर ढकलायचो. चाळिशी नुकती ओलांडलेला माणूस.

सायली

माझी मुलगी सायली तेव्हा नववीत होती. शाळा सुटल्यावर ती कधीकधी घरी जायच्या आधी दवाखान्यात डोकवायची. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती.

मी मागच्या खोलीत जमिनीवर पडलो होतो. डोळे उघडे. तिनं हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या. मला ती दिसत होती. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी उभं असावं तशी लहान आणि लांब. तिचं तोंड हलताना दिसत होतं आणि माझी जीभ माझी राहिली नव्हती. तिला वाटलं, बाबा गेले. ती रस्त्यावर धावली आणि शेजारच्या दुकानदाराला घेऊन आली. तोवर मी उठून बसलो होतो.

"बीपी लो झालं होतं," मी म्हणालो.

दुकानदारानं साखरपाणी दिलं. सायलीनं दप्तर उचललं आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून तिचं दवाखान्यात येणं थांबलं. माझ्याशी बोलणंही हळूहळू कामापुरतं झालं. मोठी होत आहे, असं मी स्वतःला समजावलं.

यवतमाळचा दिवस

लघवीतलं रक्त माझी बायको वैशालीनं पाहिलं आणि मग माझं काही चाललं नाही. ती शाळेत शिक्षिका आहे. रजा टाकून मला यवतमाळला मूत्रविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेली. डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं आणि दुपारी आम्हा दोघांना आत बोलावलं. टेबलावरच्या पडद्यावर माझ्या लघवीच्या पिशवीचं आतलं चित्र होतं. सोलवटलेल्या गुडघ्यासारखं लाल.

"अशी पिशवी मी फार थोड्या वेळा पाहिली," ते म्हणाले. "ती सगळी तरुण मुलं होती, मोठ्या शहरांतली. तुम्ही काय करता?"

"व्हेटर्नरी डॉक्टर आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मी काय विचारणार आहे ते तुम्हाला कळलं असेल."

मला कळलं होतं. वैशालीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मले नाही समजलं," ती म्हणाली.

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणी लहान मूल रडत होतं. अजून खोटं बोलता आलं असतं, जिभेवर एक खोटं तयारही होतं. पण त्या चित्रासमोर बसून ते बोलवेना.

"केटामाइन," मी म्हणालो.

वैशालीनं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. "हे काय असते?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"ते त्यांनाच सांगू द्या," डॉक्टर म्हणाले.

मी सांगितलं. जनावरं निजवायचं औषध, कधीपासून, का. ती ऐकत होती. मला वाटलं होतं ती चिडेल, उठून जाईल. ती जागची हलली नाही. म्हणाली, "म्हणजे माझे बाबा गेले तेव्हाही."

"हो."

"तुम्ही रडले नव्हते तेव्हा. मी सगळ्यांना सांगतलं, यांचं मन घट्ट आहे म्हणून त्यांनी सगळं सांभाळलं." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही होतेच नाही तिथं."

मी पडद्यावरच्या त्या चित्राकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनी कडकपणे पण सरळ सांगितलं. पिशवीची ही दशा त्या औषधानं झाली आहे. औषध थांबवलं तर बरीचशी भरून येईल, नाही थांबवलं तर एक दिवस पिशवी काढावी लागेल. आणि थांबवणं तुमच्या एकट्यानं होणार नाही. त्यांनी तिथूनच एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमना फोन लावला. घरी परत न जाता मी त्याच संध्याकाळी भरती झालो. अंगावरचे कपडे सोडून माझ्याकडे काहीही नव्हतं.

वॉर्ड

व्यसनमुक्तीचा वॉर्ड म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, तसं तिथे नव्हतं. हिरव्या चादरी, फिनेलचा वास, सकाळी चहा आणि मग गोळ्यांची रांग. गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. बेल्ट आणि बुटाच्या नाड्या जमा. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जबडे उघडून बघितले होते, आता माझा उघडत होतो.

बाकी सगळे दारूचे. माझं कारण ऐकून एकानं विचारलं, "ढोराचं? अन् ते चढते काय?" त्याचा प्रश्न निरागस होता. पण मी त्यांच्यातही वेगळा पडलो.

माझ्या बाजूच्या खाटेवर बंडूभाऊ होते, एस. टी. महामंडळातले निवृत्त कंडक्टर. त्यांचे हात थरथरायचे. माझे हात स्थिर होते, पण मला वाचता येत नव्हतं. वर्तमानपत्राची एक ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात हरवायची. बंडूभाऊंच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर थरथरत्या हातांत धरून मोठ्यानं वाचायला लागले. कापसाचा भाव, कुठल्या गावात वाघ दिसला, निधन वार्ता, सगळं एकाच आवाजात, पुढचा स्टॉप पुकारावा तसं. मग रोजच वाचत. मी ऐकत पडायचो. त्या दिवसांत जगाशी माझा संबंध होता तो एवढाच.

समुपदेशक बाई रोज पाच शब्द सांगायच्या आणि थोड्या गप्पा मारून ते परत विचारायच्या. आंबा, खुर्ची, नदी, कात्री, बैल. मला आंबा आठवायचा आणि बैल आठवायचा. मधले तीन गायब. ज्या डोक्यात गायीच्या अंगातली प्रत्येक नस होती, त्यात कात्री राहत नव्हती. एकदा पलीकडच्या खाटेवरून बंडूभाऊ हळूच म्हणाले, "नदी, नदी." बाईंनी त्यांना दटावलं. मी त्या दिवशी उशीत तोंड खुपसून रडलो.

दारू सोडताना अंग थरथरतं, घाम फुटतो. माझं तसं फारसं झालं नाही. मला सगळं मोठं ऐकू यायचं. नळाचं ठिबकणं, चपलांचा आवाज, चमच्याचा खणखणाट, सगळं कानात टोचायचं. छाती धडधडायची. बाहेर दोन माणसं बोलत असली की ती माझ्याचबद्दल बोलताहेत असं वाटायचं, आणि ते खोटं आहे हे कळत असूनही वाटायचं. आणि या सगळ्याच्या खाली ती एकच ओढ. ते घेतलं तर हे सगळं आत्ता थांबेल.

मॅडम काय म्हणाल्या

मॅडमना मी एकदा विचारलं, "माझं डोकं बिघडलं आहे का?"

त्या खाटेजवळची खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही हे शिकलेले आहात, पण मी तुमच्या मुलीला सांगावं तसं सांगते," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. त्यासाठी एक रसायन असतं, ग्लुटामेट. ज्या दारातून तो निरोप आत जातो, ते दारच तुमचं औषध अडवून धरतं. एखाद्या दिवशी ऑपरेशनसाठी अडवलं तर काही होत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं अडवलं. मग मेंदू काय करेल? त्याला काम तर करायचं आहे. तो नवी दारं पाडतो. आता तुम्ही औषध काढून घेतलं. जुनी दारं उघडी, नवी दारंही उघडी. म्हणून नळ ठिबकला तरी हातोडा मारल्यासारखा वाटतो."

"आणि आठवण?"

"आठवण पक्की व्हायची ती याच दारांतून. ती बंद असताना जे घडलं ते आत आलंच नाही. ते परत मिळणार नाही. पुढचं मात्र साठायला लागेल."

मग त्यांनी डोपामिन नावाच्या दुसऱ्या रसायनाचं सांगितलं. मेंदू छोट्या छोट्या गोष्टींना दाद देतो, म्हणून आपण सकाळी उठतो. चहाचा घोट, कुणीतरी ओळखीचं दिसणं, काम फत्ते होणं. औषधानं ती दाद एवढी मोठी करून ठेवली की साध्या गोष्टींना मेंदू आता मान वर करून बघत नाही.

"म्हणून जेवण कागदासारखं लागतं?"

"हो."

"पहिल्यासारखं होईल?"

"बरंचसं होईल. किती ते आज सांगितलं तर खोटं सांगेन. आणि तुम्ही म्हणाल त्या दिवशी होणार नाही."

हे सगळं मी कॉलेजात परीक्षेला लिहिलं होतं. चांगले मार्कही पडले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला असं वाटलं की मी वाईट माणूस आहे की नाही हा प्रश्न थोडा बाजूला ठेवता येईल. आधी दारं मिटू देत. हा त्यांचा माझ्यावरचा मोठा उपकार.

दादा

माझा मोठा भाऊ फुलसावंगीला शेती करतो. कापूस, सोयाबीन, तूर. मला शिकवलं ते त्यानंच. त्याला कळवू नको म्हणून मी वैशालीला विनवलं होतं, पण तिनं कळवलं. एस. टी. बदलत बदलत तो भेटीच्या वेळेला आला आणि खाटेच्या कडेवर बसला.

"दारू असती तं समजलं असतं," तो म्हणाला. "हे ढोराचं औषध कायले घेतलं तू?"

"कमर दुखत होती."

"कमर तं माही बी दुखते."

तो खाटेची चादर सरळ करत बसला. भेटीची वेळ संपत आली तेव्हा म्हणाला, "मले सांगतलं असतं तं मी आलो असतो ना रे राजू. तुही गाडी चालवली असती मी. जनावराले धरलं असतं. तू नुसती सुई लावली असती."

बाहेर व्हरांड्यात तो वैशालीला म्हणाला ते मात्र मला आत ऐकू आलं. "घरात राहून तुले दिसलं नाही काय?"

"दिसलं ना दादा," ती म्हणाली. "समजलं नाही."

तिच्या त्या आवाजाची मला आजही भीती वाटते. मला सगळे आजारी समजून सांभाळत होते. तिला कुणी विचारत नव्हतं. ती सकाळी शाळा करायची, सायलीचं बघायची, दवाखाना बंद का म्हणून विचारणाऱ्यांना उत्तरं द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी यवतमाळला यायची. एकदा ती आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेली. भेटीची सगळी वेळ झोपली. मी उठवलं नाही. बंडूभाऊंनी त्या दिवशी पेपर मनातल्या मनात वाचला.

सायलीचा प्रश्न

सायली वॉर्डात एकदाही आली नाही. मी घरी आल्यावर ती समोरून यायची, जायची, ताट वाढायची. एका दुपारी वैशाली शाळेत होती आणि मी ओट्याशी चहा करत होतो. साखर टाकली की नाही ते आठवेना, म्हणून चमचा हातात घेऊन उभा होतो.

"टाकली तुम्ही," ती मागून म्हणाली.

मी चहा गाळला. दोन कप भरले. ती कप घेऊन तिथेच उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी दवाखान्यात मी तुम्हाला दिसत होती काय?"

मॅडमनी सांगितलं होतं, मुलं विचारतील तेव्हा खरं सांगा, आणि विचारतील तेवढंच सांगा.

"दिसत होतीस."

"मग बोलले काहून नाही?"

"बोलता येत नव्हतं." पुढचं सांगावं की नाही कळेना. "आणि तू माझी कोण आहेस, ते मला कळत नव्हतं. कुणीतरी मुलगी आहे आणि ती रडते आहे, एवढंच कळत होतं."

तिनं कप ओट्यावर ठेवला. ती रडेल असं वाटलं. रडली नाही.

"मले वाटत होतं तुम्ही मुद्दाम बोलले नाही," ती म्हणाली. "मले पाहून बी मुद्दाम पडून राहिले." मग कप परत उचलून, "कळतच नव्हतं तं मंग ठीक आहे."

ठीक नव्हतं, ते तिलाही माहीत होतं. पण त्या दिवसापासून ती साध्या साध्या गोष्टी बोलायला लागली. शाळेत कोण कुणाशी भांडलं. मला नावं लक्षात राहायची नाहीत. ती न चिडता परत सांगायची.

विनोद

सुटलो असं मी कुणालाही सांगत नाही. घरी आल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी ओढ इतकी आली की मी वणीच्या विनोदला फोन केला. विनोद माझ्याच बॅचचा, तोही गुरांचा डॉक्टर. माझ्या दवाखान्यातली भुलीची सगळी औषधं वैशालीनं त्याच्याच स्वाधीन केली होती. मी त्याला म्हणालो, एक कुत्र्याची केस आली आहे, पाय मोडला आहे, थोडं औषध पाठव.

तो म्हणाला, "केस आहे ना? मंग मीच येतो. दोघं मिळून करू."

तो आला तेव्हा दवाखान्यात कुत्रा नव्हता, मालक नव्हता, टेबल कोरडं होतं. मी खुर्चीत बसलो होतो. त्यानं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. टपरीवरून दोन चहा मागवले. मग त्यानं त्याच्या एका म्हशीची गोष्ट काढली, ती शांतपणे सांगत बसला, आणि दुपार टळेपर्यंत उठला नाही. जाताना म्हणाला, "पुढच्या वेळी कुत्रा नसला तरी फोन कर."

मी पुढेही फोन केला. एकदाच नाही.

आता मी फक्त गाय-बैल अशा मोठ्या जनावरांचं काम करतो, त्यांत केटामाइन फारसं लागत नाही. ज्या ऑपरेशनला भूल लागते, ते विनोद येऊन करतो आणि औषध स्वतःबरोबर आणून स्वतःबरोबर नेतो. मारेगावात सगळ्यांना माहीत आहे. काही जण दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पिशवीत औषध सोडायचे उपचार झाले, रक्त थांबलं, आग थांबली. पिशवी मात्र पहिल्याएवढी झाली नाही, होणारही नाही. शब्द अजून अधूनमधून सटकतात. मग मी थांबतो, समोरच्याला सांगतो की थांबा, आठवू द्या. पूर्वी मला याची लाज वाटायची.

कुणी हे वाचत असेल आणि त्याच्याही पोटात असं काही न सांगितलेलं असेल, तर त्यानं ते आधी डॉक्टरला सांगावं. मी वर्षभर चुकीच्या गोळ्या खाल्ल्या त्या न सांगितल्यामुळे. आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांनी समजलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. आम्ही समजू देत नाही.

तुरीच्या शेंगा

मॅडमनी सांगितलेलं सगळं हळूहळू होत गेलं. आवाज खाली आले, झोप लागली, पाच शब्दांतले चार राहायला लागले. एक गोष्ट तेवढी होत नव्हती. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. सायलीला दहावीत चांगले मार्क पडले, मी पेढे वाटले, आणि आत काहीच हललं नाही. मी हसायचो, कारण हसायची जागा आली आहे हे मला कळायचं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे फुलसावंगीला गेलो. शेतातच तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ टाकून उकडल्या होत्या. दादा बांधावर बसून शेंगा सोलत होता आणि सायलीला एक जुनी गोष्ट सांगत होता. महागावला तो एका लग्नाला गेलेला, चुकून दुसऱ्याच मांडवात शिरलेला. पोटभर जेवला, आहेर केला, नवरदेवाला मिठी मारली आणि म्हणाला, तुह्या बापाचे अन् माहे लय जुने संबंध हायेत. नवरदेवाचा बाप बाजूलाच उभा होता, तो म्हणाला, असतील बाप्पा, पण मले काहून नाही माहीत. ही गोष्ट मी दादाकडून अनेकदा ऐकली होती. वैशालीनंही ऐकली होती. ती शेंगा निवडत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही.

आणि मला हसू आलं. पोटातून आलं, मी आणलं नाही. तोंडात शेंग होती ती बाहेर आली. थांबायला गेलो तर आणखी आलं.

दादाचे हात शेंगेवर थांबले. वैशालीनं वर पाहिलं. सगळे माझ्याकडेच बघताहेत म्हटल्यावर मीही ओशाळून थांबलो.

"थांबला कायले?" दादा म्हणाला. "हास ना. अजून बाकी हाय."

बाकी काही नव्हतं, गोष्ट तिथेच संपते. पण त्यानं पुढची शेंग सोलली, तोंड दुसरीकडे वळवलं आणि जे कधी घडलंच नव्हतं ते पुढे सांगायला लागला.